नागसेनाचा रथ आणि मोडकी स्कूटर

मोडलेली वस्तू दुरुस्त झाली म्हणजे नेमके काय झाले, ती पूर्वीचीच वस्तू राहिली की तिच्या जागी दुसरीच उभी राहिली, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराच्या कामाचा वाटतो. परंतु भारतीय तत्त्वचिंतनाने तो फार पूर्वीच विचारात घेतला होता आणि त्यासाठी निवडलेले उदाहरणही वाहनाचेच होते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात यवन राजा मिलिंद आणि भिक्खू नागसेन यांचा संवाद आहे. राजा विचारतो की नागसेन म्हणून ज्याला हाक मारली जाते तो केसांत आहे, नखांत आहे की हाडामांसात आहे; त्यावर नागसेन राजालाच तो कशातून आला ते विचारतो, आणि रथातून आलो असे उत्तर मिळताच रथाचा एकेक भाग पुढे करतो. आस म्हणजे रथ का, चाके म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का, लगाम म्हणजे रथ का? प्रत्येक वेळी राजाला नाही म्हणावे लागते. सारे भाग मिळून रथ होतो असेही त्याला म्हणवत नाही आणि भागांवेगळा रथही दाखवता येत नाही. शेवटी राजा स्वतःच मान्य करतो की या भागांच्या आधाराने ‘रथ’ हे नाव व्यवहारात चालते, इतकेच. अशा व्यवहारापुरत्या नावाला बौद्ध परिभाषेत प्रज्ञप्ती म्हणतात. मिलिंद म्हणजे इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा इंडो-ग्रीक राजा मिनँडर, हे अभ्यासकांत सर्वमान्य आहे.

जुन्नर आणि आंबेगाव या पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील तालुक्यांत हा संवाद परका वाटण्याचे कारण नाही. कोकणातून नाणेघाट चढून वर येणाऱ्या व्यापारी मार्गावर जुन्नर वसलेले असल्याने सातवाहन काळात शिवनेरी, मानमोडी, तुळजा आणि लेण्याद्री या डोंगरांत बौद्ध लेणी मोठ्या संख्येने खोदली गेली आणि त्यांतील ब्राह्मी लेखांत दात्यांची नावे कोरली गेली. यवन इरिल याने पाण्याची दोन टाकी दिली, यवन चिट याने संघाला भोजनमंडप दिला, यवन चंद याने गर्भद्वार, म्हणजे दालनाची दर्शनी बाजू, दिली, असे हे लेख सांगतात. या यवनांचा मिलिंदाच्या दरबाराशी थेट संबंध जोडता येत नाही आणि त्यांच्या नावांवरून ते इथल्या जीवनात पुरते मुरलेले दिसतात. तथापि त्यांच्या देणग्यांचे स्वरूप लक्षात घेण्यासारखे आहे. यांपैकी कोणाचीही देणगी संपूर्ण लेण्याची नाही, ती एकेका भागाची आहे. कोणाचे टाके, कोणाचा मंडप, कोणाची दर्शनी बाजू, आणि या साऱ्यांतून जे उभे राहिले त्याला विहार म्हणायचे. शिवाय काही लेखांत बांबूचे काम करणाऱ्यांच्या आणि काशाची भांडी घडवणाऱ्यांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख येतो. दिलेली वस्तू दिल्यानंतरही सांभाळावी लागते, ही जाणीव त्या ठेवींमागे आहे, आणि प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने ती दानाइतकीच महत्त्वाची आहे.

आजच्या काळात नागसेनाच्या रथाची जागा घेण्यास योग्य असे वाहन याच परिसरात सापडते. नारायणगाव, मंचर, घोडेगाव, ओतूर या गावांच्या आसपास अनेक घरांच्या पडवीत किंवा गोठ्याच्या आडोशाला एखादी जुनी बजाज चेतक पोत्याखाली झाकून ठेवलेली दिसते. ही स्कूटर १९७२ मध्ये आकुर्डीच्या कारखान्यातून बाजारात आली आणि एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे उत्पादन थांबले. पुढे २०१९ मध्ये त्याच नावाने विजेवर चालणारी स्कूटर जाहीर झाली. जुन्या चेतकची मूळ घडण इटलीतील पियाज्जिओ कंपनीच्या व्हेस्पाची होती. विमानांच्या क्षेत्रातून आलेल्या कोर्रादिनो दास्कानियो या अभियंत्याने १९४६ मध्ये साकारलेल्या त्या घडणीचे वैशिष्ट्य असे की तिला वेगळा सांगाडा नाही. मोटारसायकलीत लोखंडी नळ्यांचा सांगाडा असतो आणि त्यावर टाकी, सीट, इंजिन बसवलेले असते. व्हेस्पा आणि चेतकमध्ये दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच सांगाडा आणि तोच देह. त्यामुळे घाटात घसरून आपटलेल्या चेतकचा पत्रा चेपला की नुसते सौंदर्य बिघडत नाही, चाकांची रेषाच बिघडते, आणि पत्रा ठोकणारा कारागीर येथे वाहनाच्या मूळ बांध्यालाच हात घालत असतो.

अशी स्कूटर जो प्रथमच स्वतः दुरुस्त करू पाहतो, त्या नवशिक्याची स्थिती तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने विशेष बोलकी असते. तो दहा-अकराचे आणि बारा-तेराचे पाने जमवतो, गोणपाट अंथरतो, उजवीकडचे कव्हर काढून इंजिन आणि डावीकडचे काढून स्टेपनी मोकळी करतो, आणि संध्याकाळपर्यंत त्याच्यासमोर कार्बोरेटर, प्लग, केबली, क्लच प्लेटा, वॉशर आणि नटबोल्ट यांचा पसारा मांडलेला असतो. नागसेनाने शब्दांनी केले ते त्याने पान्याने केलेले असते: स्कूटर कोठेच नाही, भाग मात्र सारे आहेत. या अवस्थेत नवशिक्याची पहिली प्रवृत्ती दोषी भाग शोधून तो बदलण्याची असते. गाडी चालू होत नाही, म्हणजे यांपैकी कोणता तरी भाग वाईट असला पाहिजे, असे तो मानतो आणि नवा प्लग, नवी कॉइल, नवी केबल असा खर्च करीत सुटतो.

अनुभवी मिस्त्री मात्र बहुतेक वेळा वेगळ्याच गोष्टी पाहतो. जुन्या चेतकचे इंजिन सहसा दोन-स्ट्रोक असते, म्हणजे पिस्टनच्या एका वर-खाली फेरीतच त्याचे स्फोटाचे चक्र पूर्ण होते, आणि त्याचे आतले भाग पेट्रोलमध्येच मिसळलेल्या ऑइलवर चालतात. ऑइलचे प्रमाण वाढले की प्लगच्या टोकावर ओलसर काळी काजळी धरते आणि ठिणगी पडत नाही. तेथे प्लग वाईट नसतो, मिश्रण चुकलेले असते. प्लगच्या दोन टोकांमधील फट मिलिमीटरपेक्षाही कमी असावी लागते. ती फाकली तरी ठिणगी हुकते, मिटली तरी हुकते. फ्लायव्हीलमागे पॉइंट असलेल्या जुन्या गाड्यांत त्या पॉइंटांच्या उघडझापीच्या क्षणावर सारे अवलंबून असते. वर्षानुवर्षे उभ्या गाडीच्या कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आटून त्याचा चिकट थर जेटच्या बारीक छिद्रात बसतो. नवशिका तो तारेने टोकरतो, छिद्र कणभर मोठे होते, आणि मग पेट्रोल व हवा यांचे प्रमाण कायमचे बिनसते. क्लचची केबल किंचित ढिली ठेवावी लागते, पूर्ण ताणली तर क्लच अर्धवट सुटलेलाच राहतो. या साऱ्या बिघाडांत भाग जागच्या जागी आणि धडधाकट असतात. बिघडलेले असते ते त्यांच्यामधले अंतर, प्रमाण, ताण आणि वेळ.

हा अनुभव समजून घेण्यासाठी बौद्धांच्या प्रतिपक्षाकडे, म्हणजे न्याय-वैशेषिक दर्शनाकडे वळणे आवश्यक ठरते. या दर्शनानुसार अवयव म्हणजे भाग आणि अवयवी म्हणजे भागांतून उत्पन्न होणारी पूर्ण वस्तू, हे दोन वेगळे पदार्थ आहेत. वस्त्राचे उदाहरण घेतले तर धागे हे त्याचे समवायी कारण, म्हणजे ज्यात वस्त्र राहते ते द्रव्य. धाग्यांचा परस्पर संयोग हे असमवायी कारण, म्हणजे ज्या जुळणीवाचून द्रव्य असूनही वस्तू होत नाही ते. आणि विणकर, माग इत्यादी निमित्त कारणे. मिस्त्रीच्या नजरेत जे भरते ते या परिभाषेत असमवायी कारण होय. गोणपाटावर पसरलेल्या भागांत समवायी कारण पूर्णपणे हजर असते, तरी स्कूटर नसते, कारण संयोग नाहीत; आणि जोडून उभ्या केलेल्या पण चालू न होणाऱ्या स्कूटरमध्ये संयोग आहेत, पण त्यांपैकी एखादा हवा तसा नाही. नवशिक्याचे शिक्षण म्हणजे पहिल्या कारणाकडून दुसऱ्या कारणाकडे नजर वळणे होय. दुरुस्तीच्या विद्येचे याहून नेमके वर्णन आधुनिक ग्रंथांतही क्वचित सापडते.

अवयवी खरोखर आहे, हे सिद्ध करण्यासाठी गौतमाच्या न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात दिलेली एक युक्ती येथे प्रत्यक्ष पडताळता येते. वस्तू एका टोकाला धरली किंवा ओढली की ती सगळी धरली जाते आणि सगळी ओढली जाते. ती केवळ भागांचा ढीग असती तर हातात आलेला भाग तेवढा आला असता. गोणपाटावरचा हँडल ओढला तर हँडलच हाती येतो, जोडलेल्या स्कूटरचा हँडल ओढला तर दीड-दोन माणसांच्या वजनाचे धूड मागे येते. पण वात्स्यायनाच्या भाष्यात या युक्तीची मर्यादाही दाखवली आहे: लाखेने चिकटवलेले गवत आणि लाकूड एकत्र ओढले जाते, म्हणून ते एक अवयवी ठरत नाही. ही मर्यादा मोटारगॅरेजच्या दारात उभे राहून लिहिल्यासारखी आहे. फुटलेल्या कव्हरला एम-सील थापले, सायलेन्सर तारेने आवळला, तुटलेल्या फूटबोर्डाला पत्र्याचा तुकडा रिबिट केला, की ते सारे गाडीबरोबर ओढले जाते. तथापि आपटलेल्या गाडीचा पत्रा गॅस वेल्डिंगने तापवून, ठोकून, रेषेत आणून, वर रेड ऑक्साइड आणि लांबी देऊन, वॉटर पेपरने घासून जो कारागीर पूर्ववत करतो, त्याच्या कामात आणि या चिकटवाचिकटवीत फरक आहे हे कोणीही मान्य करील. एकात भाग गाडीचा होतो, दुसऱ्यात तो गाडीवर लटकतो.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण ती सहसा दुर्लक्षित राहते. अवयवी मानणारे नैयायिकही दुरुस्त झालेली वस्तू तीच राहते असे म्हणत नाहीत. वस्त्राचा तुकडा फाटला की पूर्वीचे वस्त्र नष्ट झाले आणि उरलेल्या धाग्यांतून दुसरे, खंडित वस्त्र उत्पन्न झाले, असे त्यांचे मत आहे. भाग जोडला तरी तोच नियम. म्हणजे नवा पिस्टन बसवलेली चेतक बौद्धांच्या मते तर मुळातच केवळ नाम, आणि नैयायिकांच्या मते नुकतीच जन्मलेली नवी वस्तू. ‘ही तीच आजोबांची स्कूटर’ या प्रत्यभिज्ञेला, म्हणजे पूर्वी अनुभवलेली वस्तू समोर पाहून होणाऱ्या ओळखीला, दोन्ही पक्ष सादृश्याच्या आधारावर सोडून देतात. ग्रीक परंपरेत प्लुटार्कने थीसियसच्या जहाजाचा हाच प्रश्न नोंदवला, आणि इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ मध्ये त्याला आणखी एक पीळ दिला: काढून टाकलेल्या सर्व जुन्या फळ्या कोणी जपून ठेवून त्यांचे दुसरे जहाज बांधले तर मूळ जहाज कोणते? भंगारवाल्याच्या दुकानात काढलेल्या जुन्या भागांतून दुसरी स्कूटर उभी राहते तेव्हा हॉब्जचा प्रश्न काल्पनिक राहत नाही.

राज्यव्यवस्थेने या प्रश्नाचे स्वतःपुरते उत्तर ठरवून टाकले आहे. जुन्नर आणि आंबेगावच्या गाड्यांची नोंदणी ज्या पिंपरी-चिंचवडच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात एमएच १४ या मालिकेखाली होते, त्या कार्यालयाच्या लेखी वाहनाची ओळख चासी क्रमांकात आणि इंजिन क्रमांकात असते. चेतकमध्ये चासी क्रमांक पत्र्याच्या त्या कवचावरच कोरलेला असल्याने कवच टिकले तोवर स्कूटर टिकली, मग आत कितीही बदल होवोत. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षे चालते आणि त्यानंतर तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवता येते. वाहन भंगारात काढताना क्रमांक असलेला चासीचा तुकडा कापून वेगळा काढावा लागतो. कायद्याने असा एक भाग निवडला आणि त्यालाच संपूर्ण वस्तूचा प्रतिनिधी नेमले. नागसेनाला हे उत्तर पटले नसते, पण त्याने ते प्रज्ञप्तीचा उत्तम नमुना म्हणून खचित स्वीकारले असते.

याउलट या दोन तालुक्यांचा स्वतःचा अनुभव असा आहे की ओळख एखाद्या भागात साठवून ठेवता येत नाही. लेण्याद्रीच्या डोंगरातील भिक्षूंच्या निवासासाठी खोदलेल्या विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज गणपती विराजमान आहे. दगड तोच, खोल्या त्याच, पण तेथे चालणारे जीवन दुसरे. आंबेगावची गोष्ट तर उलट दिशेने अधिकच टोकाची आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले ते आंबेगाव घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले, तालुक्याचे मुख्य ठिकाण घोडेगाव आहे, आणि तरीही तालुका आंबेगावच म्हणवला जातो. तेथे दगड गेला आणि नाव राहिले. आंबेगावच्या सीमेलगतच्या भीमाशंकरच्या देवळात टांगलेली मोठी घंटा १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतर आणलेल्या पोर्तुगीज घंटांपैकी आहे. एका पूर्ण वस्तूचा भाग दुसऱ्या पूर्ण वस्तूत जाऊन तिथल्या पूजेचा अविभाज्य घटक झाला आहे. या तिन्ही उदाहरणांत सातत्य टिकवणारी गोष्ट द्रव्यात सापडत नाही. ती त्या वस्तूशी बांधून घेतलेल्या माणसांच्या वर्तनात सापडते: कोणी तरी दिवा लावतो, कोणी तरी नाव चालवतो, कोणी तरी घंटा वाजवतो. मोडक्या स्कूटरच्या बाबतीतही हेच खरे मानावे लागते, आणि प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन हेच आहे की दुरुस्त वस्तूची एकता ही द्रव्याची नसून तिच्याविषयी पत्करलेल्या जबाबदारीची एकता आहे.

जबाबदारी म्हटले की दोषाचा प्रश्न येतो. अपघातात सापडलेली गाडी, विशेषतः जिच्यावर कोणाला गंभीर इजा झाली अशी गाडी, पुन्हा घरात वापरू नये, ती ‘लागलेली’ गाडी आहे, अशी भावना ग्रामीण भागात आणि शहरांतही आढळते. या भावनेमागील दुःखाची टिंगल करणे योग्य नाही. परंतु धर्मशास्त्राचा आधार मात्र तिला मिळत नाही. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात आणि याज्ञवल्क्यस्मृतीतही द्रव्यशुद्धी, म्हणजे अशुद्ध झालेल्या वस्तू पुन्हा वापरण्यायोग्य करण्याचे विधी, सविस्तर दिले आहेत. तांबे, लोखंड, पितळ यांसारखे धातू राख, आंबट द्रव आणि पाणी यांनी घासून शुद्ध होतात, मातीचे भांडे पुन्हा भाजल्याने शुद्ध होते. वस्तूचा दोष तिच्या आत मुरून बसणारा नाही, तो पृष्ठभागावरचा आणि मानवी श्रमाने दूर होणारा आहे, असे यामागील गृहीत आहे. गंजलेला पत्रा घासून, तापवून, नव्याने रंगवणारा माणूस या दृष्टीने केवळ डेंटिंग-पेंटिंग करीत नाही. शास्त्राने ज्याला शुद्धी म्हटले त्याच्याशी त्याच्या हातांचे काम जवळजवळ तंतोतंत जुळते. दसऱ्याच्या दिवशी ती गाडी धुऊन, झेंडूचा हार आणि आपट्याची पाने वाहून पूजेत मांडली जाते, तेव्हा समाजाने तिची शुद्धी मान्य केलेली असते. ज्या परिसरात आळे येथे ज्ञानेश्वरांच्या रेड्याची समाधी भक्तिभावाने पूजली जाते, तेथे ओझे वाहणाऱ्याला पूजेत स्थान देण्याची वृत्ती नव्याने शिकवावी लागत नाही.

दुरुस्तीपेक्षा हौसेखातर केलेले फेरबदल अधिक अवघड प्रश्न उभे करतात. दुरुस्ती करणाऱ्याला वस्तू पूर्वी कशी होती हे मार्गदर्शक असते. फेरबदल करणाऱ्यापुढे ते नसते, स्वतःची इच्छा असते. मंदिरांच्या बाबतीत आपल्या परंपरेने या इच्छेला काटेकोर चौकट घातली आहे. अग्निपुराणातील जीर्णोद्धाराच्या प्रकरणात भग्न मूर्तीचे विसर्जन कसे करावे हे सांगून तिच्या जागी बसवायची मूर्ती त्याच द्रव्याची आणि त्याच मापाची असावी असा दंडक दिला आहे. पंढरपूरच्या विठ्ठलमूर्तीची झीज रोखण्यासाठी वेळोवेळी वज्रलेप दिला जातो, २०२० मध्येही तो दिला गेला, आणि त्या प्रत्येक वेळी मूळ रूपात यत्किंचितही फरक पडू नये यावर साऱ्यांचे लक्ष असते. स्कूटर ही मूर्ती नव्हे आणि तिच्यावर मालकाची हौस चालू नये असे म्हणणे अतिरेकाचे होईल. फिकट निळी चेतक गर्द हिरवी करणे, सीटला नवे रेक्झिन घालणे, जुना चौकोनी दिवा काढून गोल बसवणे यात नवशिक्याचा हात आणि डोळा दोन्ही घडतात, आणि घरातील जुन्या वस्तूशी नव्या पिढीचे नाते अशाच बदलांतून जुळते. रंग बदलला तर नोंदणीपुस्तकात तशी नोंद करून घेतली की पुरे.

सीमा येते ती बदलाचा भार इतरांवर पडू लागतो तेथे. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार मूळ निर्मात्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत नमूद झालेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा पुन्हा अधोरेखित केली. कायदा बाजूला ठेवला तरी सायलेन्सरची आतली जाळी काढून गावातून फटफट करीत जाणारी गाडी आजारी माणसाला, तान्ह्या मुलाला आणि परीक्षेच्या अभ्यासाला बसलेल्या विद्यार्थ्याला त्रास देते, आणि हा त्रास अहिंसेच्या विचारात न घेण्यासारखा लहान नाही. चासी कापून गाडी लांब किंवा बुटकी करणारा तर, चेतकच्या बाबतीत, कवच हाच सांगाडा असल्याने, तिचा कणाच कापत असतो. त्यातून जे उत्पन्न होते ते नैयायिकांच्या अर्थाने नवे द्रव्य खरे, पण रस्त्यावरच्या इतर माणसांनी त्या नव्या द्रव्याला संमती दिलेली नसते.

सुट्या भागांच्या खरेदीचा प्रश्न थोडक्यात मांडावा लागेल, कारण त्याचे उत्तर स्पष्ट आहे. उत्पादन थांबलेल्या गाडीचे भाग पुण्याच्या जुन्या बाजारात, भंगारवाल्यांकडे आणि दुसऱ्या मोडक्या गाड्यांतून मिळवावे लागतात, आणि त्यांतील काही चोरीचे असू शकतात. उमास्वातीच्या तत्त्वार्थसूत्रात अस्तेयाचे, म्हणजे चोरी न करण्याच्या व्रताचे, अतिचार सांगताना चोराने आणलेली वस्तू घेणे याचाही समावेश केला आहे. अतिचार म्हणजे व्रताचा पूर्ण भंग नव्हे, पण त्याला लागलेली झीज. स्वस्त इंजिनाच्या मोहात त्याचा क्रमांक घासलेला आहे की नाही हे न पाहणाऱ्याला हा विचार नेमका लागू पडतो.

अमेरिकन लेखक रॉबर्ट पिर्सिग याने काही काळ बनारस हिंदू विद्यापीठात भारतीय तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला होता, आणि १९७४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘झेन अँड द आर्ट ऑफ मोटारसायकल मेंटेनन्स’ या ग्रंथात न निघणाऱ्या एका स्क्रूपाशी दुरुस्ती करणाऱ्याचे मन कसे अडते याचे मार्मिक विवेचन आहे. नट जोराने आवळून अॅल्युमिनियमच्या केसिंगमधले आटे घालवणाऱ्या नवशिक्याला ते विवेचन उपयोगी पडेल. परंतु पिर्सिगचा भर दुरुस्ती करणाऱ्याच्या चित्तावर आहे. कठोपनिषदातील रथाच्या रूपकाचाही भर तसाच रथीवर, म्हणजे आत बसलेल्या आत्म्यावर आहे. शरीर हा रथ, बुद्धी हा सारथी, मन हे लगाम, इंद्रिये हे घोडे. त्या भव्य रूपकात रथ मोडला तर तो कोणी दुरुस्त करावा याला जागाच नाही. म्हणून या विषयापुरते मिलिंदाच्या दरबारात परत जाणे अधिक फलदायी आहे.

नागसेनाने वस्तूची एकता नाकारली, तरी जबाबदारी नाकारली नाही. त्याच ग्रंथात पुनर्जन्माच्या चर्चेत तो आंबे चोरणाऱ्याचा दृष्टान्त देतो. चोर म्हणतो की मालकाने लावलेले आंबे वेगळे आणि मी तोडलेले आंबे वेगळे, म्हणून मी अपराधी नाही. राजाला हा बचाव मान्य होत नाही, कारण तोडलेले आंबे लावलेल्या आंब्यांच्याच परंपरेतून आलेले आहेत. वस्तू तीच नसली तरी ती त्याच प्रवाहात आहे आणि प्रवाहाबरोबर दायित्वही वाहते. न्यायदर्शनात निमित्त कारण कार्य उत्पन्न करून मोकळे होते, कुंभार गेला तरी घट राहतो. म्हणून दुरुस्ती करणारा आणि नंतर तीच गाडी चालवणारा किंवा दुसऱ्याला देणारा माणूस एकच असेल तेव्हा त्याचे उत्तरदायित्व समजावून सांगण्यास निमित्त कारणाची कल्पना अपुरी पडते आणि नागसेनाची प्रवाहाची कल्पना पुरी पडते.

याचा सर्वांत कठीण पडताळा ब्रेकमध्ये होतो. चेतकच्या मागच्या चाकाचे ऑइल सील खराब झाले तर गिअर ऑइल झिरपून ब्रेक शूवर येते आणि नवे शू बसवूनही ब्रेक लागत नाही. नवशिक्याला हे दिसत नाही, कारण त्याचे लक्ष बदललेल्या शूवर असते, सीलवर नसते, आणि सपाट रस्त्यावर हळू चालवताना उणीव कळतही नाही. ती कळते माळशेज घाटाच्या उतारावर, मागे कोणी बसलेले असताना. त्या वेळी शू नवे होते, सील जुने होते, गाडी दुसऱ्याची होती, मी फक्त जोडली, असे म्हणणे म्हणजे आंबे चोरणाऱ्याचाच बचाव पुढे करणे होय. म्हणून स्वतःच्या हाताने पहिल्यांदा जोडलेली गाडी दुसऱ्या कोणाला मागे बसवून बाहेर काढण्यापूर्वी मागचे चाक पुन्हा उतरवून सील तपासणे, आणि जाणत्या मिस्त्रीला चाक फिरवून पाहायला लावणे, हा त्या दुरुस्तीचाच भाग ठरतो, आणि तो पुरा होईपर्यंत गाडी अजून गोणपाटावरच आहे असे समजणे रास्त आहे.